वाजवून न पाहिलेला डबा

कमळे,

तुझ्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला चार ओळी लिहून द्यायला सांगितलं आहे. तुझ्या आठवणीचा अंक काढायचा आहे म्हणे. "तुम्ही बाईंच्या बालमैत्रीण, काहीतरी गोड लिहा," असं त्या म्हणाल्या. गोड लिहायला मला जमत नाही, आणि तुझ्याबद्दल तर नाहीच. तू गेलीस याचं दुःख आहे, ते मी नाकारत नाही. पण माझ्याशी मांडलेलं भांडण अर्धवट टाकून गेलीस, याचा राग त्याहून मोठा आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी तुझ्याबद्दल कुठं बोलते आहे, तुझ्याशी बोलते आहे.

आणि हे मी पुस्तकी मराठीत लिहिते आहे, कारण शाळेच्या अंकात 'मले' आणि 'तुले' छापत नाहीत. हे तूच एकदा मला ऐकवलं होतंस.

तेरवीच्या दुपारी तुझ्या शाळेत शोकसभा झाली. मी देऊळगाव राजाहून पहाटेची एसटी धरून, बुलढाण्याला गाडी बदलून, घाट उतरून मलकापूरला पोहोचले होते. तुझ्या फोटोच्या बाजूला भिंतीवर एक तक्ता लावला होता. वर मोठ्या अक्षरांत 'कमळबाईंची डबडी' असं लिहिलेलं. खाली शब्द, अर्थ, वाक्यं. सातवीच्या दहा मुली पुढे आल्या आणि माझ्या भाषेत त्यांनी तुला निरोप दिला. चुकांसकट.

माझ्या भाषेत असं मुद्दाम म्हणते. तू असतीस तर लगेच म्हणाली असतीस, "आपल्या." मग त्या तक्त्यावर एकच नाव कसं होतं, कमळे?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे अंक वाचणाऱ्यांना कळेल. अमडापूरला आमची दोघींची घरं पाठीला पाठ लावून होती. भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसली की महिनाभर रोज संध्याकाळी मुली घरोघर जाऊन गाणी म्हणायच्या. गाणी संपली की त्या घरची पोर झाकण लावलेला डबा पुढे करायची. आत खाऊ काय आहे ते ओळखायचं. आधी डबा हलवायचा, मग बोटाच्या पेरानं वाजवून पाहायचा, मग बोलायचं. ओळखला तर खाऊ, नाही ओळखला तर "हरलो" म्हणायचं आणि मग खाऊ. खाऊ तर मिळायचाच, पण हरायचं कोणाला होतं?

आपण दोघींनी लबाडी करायची ठरवली. आमच्या घरचा खाऊ मी तुला आधीच कळवायचा, तुमच्या घरचा तू मला. पण कळवायचा कसा, सगळ्या मुली कान टवकारून बसलेल्या. म्हणून डब्याच्या आवाजावरून शब्द केले, आणि त्या बोलीला डबडी म्हटलं. मुरमुऱ्याला झस. फुटाण्याला टक. लाडवाला डुख. शेंगांना खर. साखरेला सुळ. गाण्यातच मधे कुठेतरी "डुख" घुसडलं की तुला कळायचं, आज लाडू.

तेवढ्यावर थांबलो असतो तर तो पोरखेळ राहिला असता. पण त्याच वर्षी नवं राज्य झालं. शाळेत पेढे वाटले. गुरुजी म्हणाले, एक भाषा बोलणाऱ्यांचं एक राज्य, म्हणून हे महाराष्ट्र. वाटेत तू मला विचारलंस, "मंग आपली भाषा हाय, तं आपलं राज्य कुठं हाय?" आपण दोघींनी त्याच संध्याकाळी काठीनं हद्द आखली. तुमच्या गोठ्यापासून आमच्या कडुनिंबापर्यंत. राज्य झालं म्हटल्यावर भाषेला कायदे लागले, आणि कायदे बहुतेक मी केले. तू शब्द भारी करायचीस, नियम करायचा तुला कंटाळा होता.

डब्याला ओठ नसतात, म्हणून आपल्या भाषेत प, फ, ब, भ, व नाही. झाकण हाच डब्याचा ओठ, म्हणून वाक्य संपलं की झाकण लावायचं, म्हणजे शेवटी 'म्' म्हणायचं. झाकण उघडं ठेवलं तर तो प्रश्न. डबा उलटा केला की शब्दही उलटा. झस म्हणजे गर्दी, सझ म्हणजे एकटेपण. दोन खाऊ एका डब्यात घातले की तिसरा शब्द: डुख म्हणजे जड, म्हणून मोठी माणसं, डुखझस म्हणजे मोठ्या माणसांची बैठक. खर म्हणजे टरफलात दडलेलं, गुपित. खरटक म्हणजे चिठ्ठी. 'मी' नव्हता, 'तू' नव्हता. दोघींना मिळून एकच शब्द, इसा. बाकी सगळ्या जगाला अट.

आणि सगळ्यांत मोठा कायदा असा की शब्द एकटीनं करायचा नाही. एकीनं शब्द सुचवायचा. दुसरीनं दुसऱ्या दिवशीचा सूर्य बुडायच्या आत तो वाक्यात वापरला तर तो जगला. नाही वापरला तर मेला, परत काढायचा नाही. तुझे कितीतरी शब्द मी असे मारले. तू 'मी'साठी किटा हा शब्द कायदा मोडून तीनदा सुचवलास आणि मी तीनदा मारला. मी म्हणायची, दोघींच्या राज्यात 'मी' कशाला हवा? तू पाय आपटत घरी जायचीस.

परवा तुझ्या मुली शोकसभेत काय म्हणाल्या माहीत आहे? "किटा खर, किटा सझ म्." म्हणजे, मी गुपित, मी एकटी. प्रत्येक वाक्यात किटा. माझ्यामागे तू तो जिवंत केलास.

दोन शब्द मात्र वेगळे होते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका वर्षी आई आजारी होती. आमच्याकडे भुलाबाईच्या दिवशी चुलीवर काही चढलंच नव्हतं. मी लाजेनं रिकामा डबा घेऊन बाहेर आले. पहिला तुझ्या हातात आला. तू हलवलास, वाजवलास. डों, असा आवाज आला. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि डबा परकरात धरून, पाठ फिरवून, आपल्या ओच्यातले फुटाणे त्यात सोडलेस. मग पुढच्या मुलीला दिलास. कोणाला कळलं नाही. त्या दिवसापासून डों म्हणजे "माझ्याकडे काही नाही, सांभाळून घे." कमळे, त्या फुटाण्यांचे उपकार मी अजून मानते. पुढं तू जे केलंस त्यानं ते पुसले गेले नाहीत. पुसले गेले असते तर रागवायला सोपं झालं असतं.

दुसरा शब्द कापसाचा. तुझ्या काकूनं एकदा गंमत म्हणून डबा सरकी काढलेल्या कापसानं ठासून भरला होता. हलवला तर आवाज नाही. सगळ्या म्हणाल्या, रिकामा. मी वाजवून पाहिला. रिकामा डबा डों करतो. हा मुका होता. मी म्हटलं, "कापूस." काकू म्हणाली, "पोरगी लय हुशार हाय बाई." तेव्हा आपण कापसासाठी बिनआवाजाचा शब्द केला. फक्त ओठ उघडायचे.

आता तो दिवस. सातवीनंतर मास्तरीणबाईंच्या ट्रेनिंगला बुलढाण्याला जाता यायचं. मी चोरून अर्ज केला आणि उत्तर तुमच्या घरच्या पत्त्यावर मागवलं, कारण आमच्याकडे आलेला कागद आधी बाबांच्या हातात पडायचा. उत्तर आलं, जागा मिळाली. पण पोस्टमननं तो लिफाफा तुमच्या ओट्यावर माझ्या नावानं हाका मारत दिला, आणि बाबा तिथंच तुझ्या वडिलांशी बोलत बसले होते. बरोबर देऊळगाव राजाची पाहुणे मंडळी. म्हणजे माझं सासर.

बाबांनी आपल्या दोघींना समोर उभं केलं. "नाव सुमीचं, पत्ता कमळीचा. हा कागद कोनाचा हाय?"

मी खाली पाहिलं आणि हळूच म्हटलं, "डों. खरटक इसा म्." सांभाळून घे, कागद आपला दोघींचा आहे म्हण.

बाबांनी तुझ्याकडे मान वळवली. "थे काय बोलली वं, कमळे?"

तू गप्प राहिली असतीस तरी चाललं असतं. "माहीत नाई" म्हटलं असतंस तरी चाललं असतं. तू शब्द न् शब्द सांगितलास. "थे म्हनते, मले सांभाळून घे. कागद दोघींचा हाय म्हन म्हनते. पर कागद तिचाच हाय काका."

आपल्या राज्यातून बाहेर गेलेलं ते पहिलं वाक्य. चार माणसांसमोर, खणखणीत आवाजात. बाबांनी कागद फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला, आणि पाहुण्यांना म्हणाले, "पोरगी शिकेल हाय, पत्र लिहिता येते." पाहुणे हसले. फाल्गुनात माझं लग्न झालं.

त्याच वर्षी तू ट्रेनिंगला गेलीस.

मी तुला त्यानंतर एकदाच भेटले, बालाजीच्या यात्रेत. तू नवऱ्याबरोबर, मनोहररावांबरोबर, आली होतीस, खांद्यावर पर्स होती. माझ्या कडेवर एक आणि बोटाशी एक. मनोहरराव नारळ घ्यायला गेले तेव्हा मी तुला विचारलं, "काऊन सांगतलं तू?"

"मला भीती वाटली," तू म्हणालीस.

"मले नोती वाटत?"

"तसं नाही सुमे. माझाही अर्ज होता. तुझ्याबरोबरच टाकला होता मी. आई म्हणाली होती, एकही तक्रार आली तर शाळा बंद. मला वाटलं, तुझं माझ्यावर आलं तर माझाही जाईल."

अर्जाचं ऐकून मला राग आलाच. पण त्याहून जास्त याचा, की तू तो मला सांगितला नव्हतास. इसा इसा करत आपण हद्दी आखल्या, आणि हद्दीच्या आत तू आपलं एक वेगळं घर बांधून राहत होतीस.

"मंग 'मला'च म्हन की," मी म्हटलं. "'मला, मला'. ट्रेनिंगात हेच शिकवतेत का तुमाले?"

तू म्हणालीस, "शाळेत 'मले' चालत नाही, सुमे." एवढ्यात मनोहरराव आले. आपलं भांडण तिथं थांबलं ते थांबलंच.

ती वर्षं मी काय केलं विचारशील तर, भाकरी केल्या आणि तुझा द्वेष केला. दोन्ही रोज, दोन्ही ताजी. सासूबाईंचा स्वभाव चांगला होता, नवरा मारणारा नव्हता, आणि तरी शाळा सुटल्याची घंटा कानावर पडली की माझा हात परातीत थांबायचा. तू या क्षणी कुठल्या तरी वर्गात फळा पुसत असशील, हे मला दिसायचं. तुला पदोपदी ठेच लागावी, असं मी म्हटलेलं आहे. देवासमोर म्हटलेलं आहे. लपवत नाही.

गेल्या पौषात कादरभाई घरी आले. मलकापूर गाडीचे कंडक्टर, आमच्या गल्लीत त्यांची बहीण दिलेली आहे. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेला डबा होता. "मलकापूरच्या म्याडमनं देला," ते म्हणाले. "म्हन्ल्या, आधी हलवा, मंग वाजवा, मंगच उघडा. म्या इचारलं, काय हाय, तं हासल्या. म्हन्ल्या, थे वळखते."

फडक्यातला डबा मी तसाच हलवला. काही आवाज नाही. रिकामा.

माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या वर्षांनी तू मला डों पाठवतेस? माझ्याकडे काही नाही, सांभाळून घे? ज्या शब्दानं मी तुझ्यापुढे पदर पसरला आणि तू तो चार माणसांत फाडलास, तोच शब्द? शिवाय घरी आलेला डबा रिकामा परत करत नाहीत ही आपल्या बायांची रीत. चिमूटभर साखर का होईना, घालतोच. मी काही घातलं नाही. गाठही सोडली नाही. कादरभाईंना म्हटलं, "याच गाडीनं परत न्या. म्हना, वळखलं म्हने."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चाहा तं घेऊ द्या वहिनी." चहा दिला, बरोबर डबाही दिला. गाडी गेली तेव्हा मला फार बरं वाटलं, कमळे. इतकं बरं मला लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी शिरा केला. पोरं विचारत होती, आज काय आहे.

तू आजारी आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर उघडला असता का? खरं सांगते, माहीत नाही.

तेरवीला जेवणं झाल्यावर मनोहररावांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तोच डबा पुढे केला. फडकं तेच, गाठ तीच. "कोनाले हात लावू देला नाई तिनं," ते म्हणाले. "म्हने, जिचा तिनं उघडावा. घ्या." ते बाहेर गेले. मी गाठ सोडली. सवयीनं झाकणावर पेर मारलं.

डबा मुका होता.

मी, कमळे, जिनं सगळ्या गावात एकटीनं कापूस ओळखला होता. कापसाचे तीन वेचे जिच्या हाताखालून दरसाल जातात ती मी. तू निरोपात "वाजवा" म्हटलं होतंस, आणि मी रागाच्या भरात हलवून मोकळी झाले.

आत कापूस ठासून भरला होता. मधे घडी घातलेला कागद. तुझं वळणदार मास्तरणीचं अक्षर: "सुमे, 'चुकले' याला आपल्याकडे शब्द नाही. आपण दोघीही कधी चुकायचो नाही ना. मी एक सुचवते. आधी कापूस, मग झाकण. उद्या सूर्य बुडायच्या आत वापर. नाही वापरलास तर समजेन."

आधी कापूस, म्हणजे ओठ उघडायचे, आवाज करायचा नाही. मग झाकण, म्हणजे मिटायचे. बस्स, एवढाच शब्द.

पहिल्यांदा काय वाटलं ते सांगते, कारण हे लिहायला घेतलं ते गोड लिहायला नाही. मला तुझी चीड आली. फितुरी केलीस ती भर ओट्यावर, चार माणसांत, शब्द न् शब्द. आणि माफी मागितलीस ती कापसात गुंडाळून, कोणालाही ऐकू जाणार नाही अशी. तक्त्यावर माझं नाव घातलं असतंस तर ती माफी झाली असती. मुलींना एकदा सांगितलं असतंस की या भाषेतले कायदे माझ्या सुमीनं केले, तर ती माफी झाली असती. त्या खोलीत उभ्या उभ्या मी ठरवलं की शोकसभेत सगळं बोलायचं. अर्ज, ओटा, किटा, सगळं. तुझ्या मुलींसमोर, तुझ्या फोटोसमोर, माझ्या आवाजात. त्याच्यासाठीच मी इतकी वर्षं आवाज राखून ठेवला होता.

मुलींचं झालं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आता बाईंच्या बालमैत्रीण दोन शब्द बोलतील." मी उभी राहिले. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं, भिंतीवरच्या तक्त्यावर पडलं होतं. दहा मुली पहिल्या रांगेत मांडी घालून माझ्याकडे पाहत होत्या. सगळं जिभेवर तयार होतं.

आणि मला तो डबा आठवला. कादरभाईंच्या हातात परत जाणारा, गाठ न सोडलेला. तू गाठ पाहिली असशील. हात लावून पाहिला असशील, आणि तुला कळलं असेल की मी उघडलासुद्धा नाही. त्यानंतर तू महिनेच्या महिने अंथरुणावर होतीस.

तुझा शब्द तुझ्या नियमानं पौषातच मेला होता. नाही, माझ्या नियमानं. तुझ्यासाठी मी तो वापरला नसता. पण मला त्याची गरज पडली, कमळे, आणि माझ्याकडे दुसरा नव्हता.

मी ओठ उघडले. मग मिटले. आणि खाली बसले.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "त्यांना बोलवत नाहीये," त्या म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या दोघी-तिघी रडायला लागल्या.

तुला मी माफ केलेलं नाही. हे सगळं मी लिहून देते आहे, आणि त्यांनी छापावं. तक्त्यावर नाव घालावं: सुमन आणि कमळ, या क्रमानं. किटा खोडावा.

पण त्या दिवशी सूर्य बुडायच्या आत, भरल्या सभेत, "चुकले" असं मी म्हटलं. माझ्या फितुरीबद्दल. ते कळणारं एकच माणूस होतं, आणि त्याला हार घातलेला होता.